वंश, तालीम आणि आडनाव : हिराबाई बडोदेकर यांच्या कारकिर्दीचा आरंभकाळ

१. प्रश्नाची मांडणी

नामवंत संगीत-कुटुंबात जन्मलेल्या कलावंताचे चरित्र लिहिताना मराठीत एक विधान जवळजवळ ठरून गेले आहे : गाणे त्याच्या रक्तातच होते. हे विधान सोयीचे आहे, परंतु ते काहीच स्पष्ट करीत नाही. रक्ताने फार तर आवाजाची जात मिळत असेल. रागाची मांडणी, स्वर लावण्याची पद्धत आणि बंदिशींचा साठा कोणाच्या तरी समोर वर्षानुवर्षे बसूनच मिळवावा लागतो. हिंदुस्थानी संगीतात ज्याला आपण 'घराणे' म्हणतो त्याची रचनाच मुळी दुहेरी आहे. एका बाजूला पिता-पुत्रांची वंशरेषा असते आणि दुसऱ्या बाजूला गुरु-शिष्यांची परंपरा असते. बहुतेक खानदानी गायकांच्या बाबतीत या दोन रेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसलेल्या असतात की त्या वेगळ्या आहेत हे लक्षातही येत नाही.

त्या वेगळ्या करून पाहण्याची संधी देणारे एक उदाहरण म्हणजे हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांच्या कारकिर्दीचा आरंभकाळ. त्या किराणा घराण्याचे प्रवर्तक मानले गेलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या कन्या. तथापि ज्या वयात गायकाची घडण निश्चित होते त्या वयात त्यांना ना पित्याचा सहवास होता, ना पित्याचे नाव. तरीही किराणा गायकीच्या अधिकारी वारसदार म्हणून त्यांची ओळख प्रस्थापित झाली. हे कसे घडले, त्याची किंमत कोणती होती आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. दुभंगलेले घर

अब्दुल करीम खाँ हे मूळचे कैराना या गावचे. हे गाव आज उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात येते; घराण्याचे 'किराणा' हे नाव त्यावरूनच आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात खाँसाहेब बडोदे संस्थानात दरबारगायक होते. बडोद्याच्या राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई हिच्याशी त्यांचा तेथेच परिचय झाला. हा संबंध मान्य होणे शक्य नसल्याने दोघांनी बडोदे सोडले आणि पुढे मिरजेसह दक्षिण महाराष्ट्रात व मुंबई-पुण्यात त्यांचे आयुष्य गेले. हिराबाईंचा जन्म ३० मे १९०५ रोजी मिरजेस झाला.

ताराबाई आणि खाँसाहेब यांची पाच अपत्ये वाढली. घरात त्यांची नावे अब्दुल रहमान, चंपाकली, सकीना अशी होती. १९२० च्या सुमारास ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना घेऊन स्वतंत्रपणे राहू लागल्या. यानंतर मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. उरलेली तिघे कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वती या नावांनी ओळखली जाऊ लागली. सुरेशबाबू (१९०२–१९५३) तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होते, हिराबाई पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या आणि सरस्वती (पुढे सरस्वती राणे, १९१३–२००६) तर अगदी लहान होती.

या घटनेचे दोन परिणाम एकाच वेळी संभवत होते. पिता हाच गुरू असल्याने घर तुटले की तालीमही तुटणार, हा पहिला. आणि ज्या नावावर घराण्याची प्रतिष्ठा उभी होती ते नाव वापरता येणार नाही, हा दुसरा. पुढील दशकात हिराबाईंची कारकीर्द उभी राहिली ती या दोन्ही उणिवांना शोधलेल्या उत्तरांतून.

३. तालमीचे आडमार्ग

पहिल्या उणिवेचे उत्तर घरातच होते. सुरेशबाबूंनी बालपणापासून वडिलांकडून प्रत्यक्ष तालीम घेतली होती. हिराबाईंना पित्याची गायकी मुख्यतः या भावाकडून मिळाली. येथे परंपरेच्या नेहमीच्या आकृतीत एक लहानसा परंतु महत्त्वाचा बदल होतो. गुरू आणि शिष्य यांच्यातील पिढीचे अंतर नाहीसे होते. गुरू स्वतःही अजून शिकणाराच असतो आणि शिकवता शिकवता त्याने वडिलांचे गाणे आपल्या समजुतीतून पुन्हा मांडलेले असते. सुरेशबाबू पुढे मोठे शिक्षक म्हणून ओळखले गेले, त्या शिक्षकपणाचा आरंभ या घरगुती गरजेत होता.

दुसरे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ हे किराण्याचेच, आणि नात्याने खाँसाहेबांचे निकटवर्ती. परंतु हे नाते सरळ नव्हते. खाँसाहेबांची पहिली पत्नी गफूरन ही वहीद खाँ यांची बहीण. म्हणजे ताराबाईंच्या आगमनाने जिचा संसार बाजूला पडला तिच्याच भावाने ताराबाईंच्या मुलीला तालीम दिली. खाजगी नात्यांतील कटुता आणि विद्येचे दान या दोन गोष्टी परंपरा किती स्वतंत्रपणे हाताळू शकते, याचे हे लक्षणीय उदाहरण आहे. घर ज्या रेषेवर तुटले होते तिच्या पलीकडून घराणे पुन्हा जोडले गेले.

या दुहेरी तालमीची फलनिष्पत्ती संगीताच्या परिभाषेत सांगता येते. किराणा गायकीत लयीच्या खेळापेक्षा स्वराला प्राधान्य असते. राग एकेका स्वराने उलगडत नेला जातो आणि त्या त्या स्वरावर पुरेसे थांबून त्याचे रागातील स्थान ऐकणाऱ्याच्या मनात ठसवले जाते. या समान पायावर दोन्ही उस्तादांचे स्वभाव भिन्न होते. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज उंच पट्टीतला आणि निमुळता, त्यांचा कल करुणरम्य आर्ततेकडे. ठुमरीत आणि सरगमेत त्यांची प्रतिभा विशेष खुलत असे, आणि म्हैसूर-मद्रासकडील वास्तव्यातून कर्नाटक संगीताचे काही संस्कारही त्यांनी स्वीकारले होते. वहीद खाँ यांचे वैशिष्ट्य अतिविलंबित लयीतील शिस्तबद्ध बढत हे होते. चौदा मात्रांच्या झुमरा तालात रागाची दीर्घ मांडणी करण्याची त्यांची रीत पुढे अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्यासारख्या घराण्याबाहेरच्या गायकालाही प्रभावित करून गेली. हिराबाईंच्या गाण्यात पित्याचा स्वराचा गोडवा आहे आणि वहीद खाँ यांच्याकडील बढतीची सुसूत्रताही आहे; मात्र दोघांपैकी कोणाचाच अतिरेक नाही.

तुलनेसाठी रोशन आरा बेगम (निधन १९८२) यांचे उदाहरण उपयुक्त आहे. त्यांना अब्दुल करीम खाँ यांची तालीम प्रत्यक्ष आणि दीर्घकाळ मिळाली. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या. म्हणजे कन्येला जे मिळाले नाही ते शिष्येला मिळाले. खाँसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्याकडून हीच गायकी गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोचली. वंशरेषा आणि शिष्यरेषा अशा समांतर चालू असताना हिराबाई या दोहोंच्या मधल्या जागी उभ्या होत्या. वंशाने त्या सर्वांत जवळच्या होत्या, तालमीने मात्र एका पायरीने दूर.

४. 'बडोदेकर' या शब्दाचा अर्थ

दुसरी उणीव नावाची. एकाच आईच्या मुलांनी दोन भिन्न आडनावे घेतली, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुलाने आजोळचे 'माने' हे कुलनाम घेतले. हिराबाई आणि कमलाबाई या मुलींनी आजोळच्या गावावरून 'बडोदेकर' हे आडनाव घेतले. पित्याचा उल्लेख दोन्हींत नाही. पण मुलाच्या आडनावात एक कुळ आहे आणि मुलींच्या आडनावात केवळ एक गाव.

मराठीतील '-कर' या प्रत्ययाची सामाजिक शक्ती येथे समजून घेतली पाहिजे. गावाच्या नावाला जोडलेला हा प्रत्यय जवळजवळ सर्व जातींत आढळतो. तो माणसाचे ठिकाण सांगतो आणि बाकीचे मोघम ठेवतो. गोमंतकातील कलावंत कुटुंबांनी याचा अर्थपूर्ण उपयोग केला. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) झाल्या, आणि मंगेशी या गावावरून दीनानाथांनी 'मंगेशकर' हे आडनाव धारण केले. ज्या समाजात 'बाप कोण' हा प्रश्न प्रतिष्ठेचा निकष होता, त्या समाजात गावाच्या नावाने त्या प्रश्नाला सभ्य उत्तर दिले. 'बडोदेकर' हे आडनाव याच परंपरेतले. त्यातून धर्म कळत नाही, पिता कळत नाही. कळते ते इतकेच की हिचा संबंध बडोद्याशी, म्हणजे आईच्या गावाशी आहे. ताराबाईंना जे गाव सोडावे लागले ते मुलीच्या नावात कायमचे राहिले.

भारतातील इतर भाषिक परंपरांशी ताडून पाहिले असता या निवडीचे वेगळेपण ठळक होते. तमिळ प्रदेशात एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९१६–२००४) यांच्या नावातील आद्याक्षरे मदुरै हे गाव आणि षण्मुखवडिवू ही त्यांची वीणावादक आई यांची आहेत. ज्या ठिकाणी सामान्यतः पित्याचे आद्याक्षर येते त्या ठिकाणी आईचे नाव आहे, फक्त ते एका अक्षरात मिटलेले आहे. उत्तरेत अख्तरीबाई फैजाबादी (१९१४–१९७४) या नावात गाव आहे आणि 'बाई' हा पेशाचा निर्देशही आहे. १९४५ मधील विवाहानंतर काही काळ त्यांचे गाणे थांबले आणि त्या पुन्हा गाऊ लागल्या तेव्हा त्या 'बेगम अख्तर' होत्या. 'बाई'च्या जागी 'बेगम' येताना गावही गळून पडले. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गायिकेचे नाव ही तिची खाजगी बाब नव्हती. रंगमंच, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन आणि वर्तमानपत्रातील जाहिरात यांच्यासाठी ते घडवावे लागत होते. गावाचे नाव या सर्वांना समान उपलब्ध असलेले साधन होते, परंतु प्रत्येक भाषेने त्याचा वेगळा वापर केला. तमिळमध्ये गावासोबत आई सूचित राहिली, उर्दू-हिंदीत गावासोबत पेशा सूचित राहिला, मराठीत गावाने इतर सर्व सूचना पोटात घेतल्या.

याला केवळ हिंदूकरण म्हणून मोकळे होणे, किंवा तडजोड म्हणून कमी लेखणे, दोन्ही अपुरे आहे. त्या काळी मुंबई-पुण्यात संगीताचा जो नवा मध्यमवर्गीय श्रोता तयार होत होता तो प्रामुख्याने हिंदू आणि उच्चवर्णीय होता. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या चळवळीने संगीताला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्यात भक्तीचा आणि सुसंस्कृततेचा आशय एकमेकांत मिसळलेला होता. जानकी बखले यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'टू मेन अँड म्युझिक' या ग्रंथाने या प्रक्रियेची आणि तिच्यात मुसलमान उस्तादांच्या झालेल्या स्थानांतराची सविस्तर चिकित्सा केली आहे. त्या पार्श्वभूमीवर पाहता एका एकाकी आईने पाच मुलांसाठी केलेली ही निवड होती. तिने मुलांना व्यासपीठ मिळवून दिले. त्याबरोबरच त्यांच्या जन्मनावांचा एक संपूर्ण थर सार्वजनिक स्मृतीतून दूर सारला.

५. तीन माध्यमे, एक वर्तन

तालीम आणि नाव हाती आल्यानंतर प्रश्न व्यासपीठाचा होता. १९२१ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईत पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात हिराबाई गायल्या. पुढे तिकीट लावून स्त्रीच्या गायनाचा जाहीर जलसा करण्याची प्रथा रूढ करणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. आज या गोष्टीचे महत्त्व सहज जाणवत नाही. तोवर गायिकेचे गाणे ऐकणे म्हणजे एखाद्या धनिकाच्या बैठकीत निमंत्रित असणे किंवा कोठीवर जाणे. तिकिटाने हा संबंध बदलला. आश्रयदात्याच्या जागी ग्राहक आला, आणि कुटुंबासह येऊन बसू शकणारा श्रोता आला.

या श्रोत्यासमोर हिराबाईंनी जे वर्तन ठेवले तेही कलेइतकेच परिणामकारक ठरले. स्थिर बैठक, साधा वेष, हातवारे आणि भावप्रदर्शन यांचा अभाव. अदाकारी ही गायिकेच्या कलेचा भाग समजली जात असताना त्यांनी तो भाग वगळला आणि सारा भार स्वरावर टाकला. किराणा गायकीचा स्वरप्रधान स्वभाव या निवडीला अनुकूल होता. पुढील काळात मराठी घरांतील मुली मोठ्या संख्येने शास्त्रीय संगीत शिकू लागल्या, त्यामागे या प्रतिमेचा वाटा होता.

दुसरे माध्यम रंगभूमीचे. ताराबाई आणि सुरेशबाबू यांच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा म्हणून नूतन संगीत नाटक मंडळी उभी राहिली. 'सौभद्र' (१८८२) सारख्या नाटकांत हिराबाई आणि त्यांच्या बहिणींनी भूमिका केल्या. बालगंधर्वांच्या प्रभावामुळे प्रतिष्ठित मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रीत दृढ होती. सुभद्रेच्या भूमिकेत पुरुष पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकासमोर खरोखरीची स्त्री सुभद्रा म्हणून उभी राहणे हा एक धीट प्रयोग होता. मंडळी आर्थिकदृष्ट्या टिकली नाही आणि कर्जाचा भार हिराबाईंनी मैफली करून फेडला. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळीही अशीच कर्जात संपली, आणि १९४२ मध्ये त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांच्या लताबाईंवर कुटुंबाचा भार आला. नामवंत संगीत-कुटुंबातील मुलींच्या वाट्याला वारसा म्हणून विद्येबरोबर देणीही आली, ही गोष्ट वारशाच्या चर्चेत क्वचितच येते.

तिसरे माध्यम ध्वनिमुद्रिकेचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. विलंबित बढतीवर वाढलेल्या गायिकेला तेवढ्यात रागाचे चित्र उभे करावयाचे होते. ख्याल, नाट्यपद, भजन आणि भावगीत या सर्व प्रकारांत हिराबाईंच्या तबकड्या निघाल्या. नाट्यपदाच्या आटोपशीर मांडणीचा अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला असावा. त्यांच्या मैफलीतील ख्यालही अनेकदा प्रमाणबद्ध आणि मर्यादित असे, ते या तीन माध्यमांच्या परस्परसंस्काराने.

१९३७ च्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँ यांचे मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या एका रेल्वेस्थानकावर निधन झाले आणि मिरजेस त्यांचे दफन झाले. तोवर त्यांची कन्या स्वतःच्या नावाने देशभर परिचित झाली होती. पुढे तिला १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

६. चरित्राची चौकट आणि प्रभावाची संकल्पना

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने या वृत्तांतातून दोन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा चरित्र या वाङ्मयप्रकाराचा. शिष्याने गुरूचे चरित्र सांगणे ही मराठी गद्याची सर्वांत जुनी प्रेरणा आहे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हे तिचे आद्य उदाहरण. संगीतक्षेत्रात ही प्रेरणा विसाव्या शतकातही जिवंत राहिली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेले अब्दुल करीम खाँ यांचे बृहत् चरित्र १९७२ साली प्रसिद्ध झाले. अशा चरित्रांचे मोल निर्विवाद आहे, कारण लिखित साधने जेथे विरळ आहेत तेथे शिष्याची स्मृती हाच दफ्तरखाना असतो. मात्र या चौकटीचे केंद्र गुरू हाच राहतो, आणि गुरूचे घर सोडून गेलेली व्यक्ती कथानकातूनही बाहेर जाते. ताराबाई ही अशी व्यक्ती आहे. मुलांना एकत्र ठेवणे, त्यांच्या तालमीची व्यवस्था करणे, त्यांना नवी नावे देणे, विद्यालय आणि नाटक मंडळी उभारणे, या सर्वांत तिचा हात असताना घराण्याच्या वंशवृक्षात तिला जागा नाही. वंशवृक्ष हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. त्यात कोणती नाती रेघेने जोडायची याचे संकेत ठरलेले आहेत आणि शिकण्याची सोय करून देणारी आई त्या संकेतांत बसत नाही.

दुसरा मुद्दा प्रभावाच्या संकल्पनेचा. हॅरल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडलेला 'प्रभावाच्या चिंते'चा सिद्धांत पिता-पुत्र संघर्षाच्या आकृतीवर उभा आहे : पूर्वसूरी बलाढ्य असतो आणि उत्तरसूरी त्याच्या छायेतून सुटण्यासाठी त्याचे जाणीवपूर्वक चुकीचे वाचन करतो. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबर यांनी १९७९ मध्ये याला उत्तर देताना दाखवून दिले की स्त्री-लेखिकेची अडचण वेगळी असते. पूर्वसूरीशी झगडण्याआधी आपल्याला लिहिण्याचा अधिकार आहे काय, याच प्रश्नाने ती ग्रासलेली असते. हिराबाईंचे उदाहरण या दोन्ही मांडण्यांत पूर्णतः बसत नाही. येथे पित्याची छाया टाळण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती छायाच काढून घेतली गेली होती. अधिकाराचा प्रश्न होता, पण तो मनातल्या चिंतेपेक्षा तालीम, नाव आणि तिकीट या तीन व्यावहारिक पायऱ्यांवर सोडवला गेला. मौखिक परंपरेत प्रभाव हा वाचनाने येत नाही. तो कोणीतरी द्यावा लागतो आणि देणाऱ्याकडे पोचण्याची वाट कोणीतरी करून द्यावी लागते. भारतीय संदर्भात प्रभावाचा सिद्धांत मांडताना या मध्यस्थांची गणना केली पाहिजे.

७. समारोप

'घराणे' हा शब्द 'घर' या शब्दापासून आला असला तरी घराण्यांची नावे बहुतांशी गावांची आहेत : किराणा, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर. आणि ती गावे सोडून आलेल्यांनीच त्या नावांचा विस्तार केला. किराणा गायकीचा बहर मिरज, पुणे, मुंबई, धारवाड, हुबळी या पट्ट्यात झाला. तेथील बहुसंख्य गायकांचा कैरान्याशी जन्माचा संबंध नव्हता. या अर्थाने 'किराणा' आणि 'बडोदेकर' ही दोन नावे एकाच जातीची आहेत. दोन्ही मागे राहिलेल्या गावांची आहेत आणि दोन्हींनी रक्ताचे नाते सांगण्याचे काम स्थानाकडे सोपवले आहे.

या वारशाचे पुढचे हस्तांतरणही रक्ताबाहेर झाले. सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे शिकलेल्या प्रभा अत्रे (१९३२–२०२४) गायकांच्या कुटुंबातून आलेल्या नव्हत्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले तेव्हा त्या किराण्याच्या ज्येष्ठ प्रतिनिधी म्हणूनच ओळखल्या जात होत्या. भाऊ-बहिणीने अडचणीच्या काळात जी तालीम आपसांत टिकवली ती अशा शिष्यांमुळे एका कुटुंबाची मिरास राहिली नाही. नामवंत घरात जन्मलेल्या तरुण गायिकेची कारकीर्द अभ्यासताना म्हणूनच तिला घराकडून काय मिळाले एवढेच पाहून भागत नाही. जे मिळायला हवे होते पण मिळाले नाही ते तिच्यापर्यंत कोणी, कोणत्या वाटेने आणले, याची नोंद घेतल्याखेरीज वारसा या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही.